हलणारं चित्र, थांबलेलं चित्र: अ‍ॅनिमे कार्टूनपेक्षा वेगळं का वाटतं?

रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा मोगली जपानी होता, हे मला कळायला वीसेक वर्षं लागली. गाणं गुलजारांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, गोष्ट भारतातल्या जंगलातली. मग ती मालिका आपलीच वाटणार, दुसरं काय! प्रत्यक्षात ती निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओनं १९८९ मध्ये काढलेली, ५२ भागांची मालिका होती. पुढे केव्हातरी डिस्नेचा १९६७ चा ‘द जंगल बुक’ पाहिला. मूळ पुस्तक तेच, किपलिंगचं. मोगली तोच, बल्लू तोच, शेरखान तोच. तरी बघताना सारखं वाटत राहिलं की ही जातकुळीच निराळी आहे. डिस्नेचा बल्लू नाचायला लागला की त्याच्या पोटाची वळी न् वळी त्या तालात हलते. दूरदर्शनवरच्या मोगलीचं तसं नव्हतं. तो नुसता उभा राहायचा, केस तेवढे वाऱ्यावर उडायचे, मागे भलं मोठं आभाळ, आणि बाकी सगळं स्तब्ध. तरीही मी तोंडातला घास विसरून बघत बसायचो.

हा फरक कुठून येतो, ते या लेखात सांगायचं आहे.

अ‍ॅनिमे आणि कार्टून यांत काय फरक, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: मोठे डोळे, टोकदार रंगीबेरंगी केस, इवलंसं नाक. या उत्तरानं फार काही हाती लागत नाही. मोठे डोळे ही मुळात अमेरिकेची देणगी आहे. जपानी मांगाला, म्हणजे तिथल्या चित्रकथेला, आजचं रूप देणारे ओसामु तेझुका डिस्नेचे निस्सीम चाहते होते. ‘बॅम्बी’ त्यांनी ऐंशीहून जास्त वेळा पाहिला, असं ते सांगत. त्यांच्या पात्रांचे टपोरे डोळे डिस्ने आणि बेटी बूप हे जुनं अमेरिकी कार्टून पात्र यांच्याकडून आलेले आहेत. ‘अ‍ॅनिमे’ हा शब्दसुद्धा ‘अ‍ॅनिमेशन’चं जपानी लघुरूप आहे. जपानमध्ये सर्वसाधारण बोलण्यात डिस्नेचा चित्रपटही अ‍ॅनिमेच. जपानी अ‍ॅनिमेशन एवढाच अर्थ त्या शब्दाला जपानबाहेर आला.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तो एका हिशोबात आहे. तो हिशोब कळला की डोळे, केस, लांबलचक कथा हे सगळं आपोआप आपापल्या जागी बसतं.

शाळेत वहीच्या पानांच्या कोपऱ्यात चेंडू काढून, पानं भराभर सोडून तो उडवला असेल ना? अ‍ॅनिमेशन म्हणजे तेच. फक्त सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढलं तर सेकंदाला २४ चित्रं लागतात. एकच चित्र दोन फ्रेम ठेवलं तर १२ मध्ये भागतं, आणि डोळ्याला ते बहुतेक वेळा कळतही नाही. तीन फ्रेम ठेवलं तर ८. आता पंचवीस मिनिटांचा एक भाग घ्या. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी अठरा हजार होतात. अठरा हजार चित्रं हातानं काढायची, पारदर्शक शीटवर उतरवायची, मागून रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची. एका भागासाठी!

चित्रपटगृहांसाठी कार्टून बनत होती तोवर अमेरिकेत हे परवडत होतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत १९४० पासून ‘टॉम अँड जेरी’ केलं, तेव्हा सात-आठ मिनिटांच्या एका फिल्मवर महिनोन् महिने काम चालायचं. टॉम कोट घालून पियानो वाजवायला बसतो, ती ऑस्कर मिळालेली ‘द कॅट कॉन्चेर्तो’ पुन्हा एकदा नीट बघा. टॉमची बोटं पट्ट्यांवरून धावतात, भुवई वर जाते, ओठांच्या कडेला गर्व दाटतो. आत तारांवर झोपलेला जेरी प्रत्येक हातोडीसरशी उसळतो. रबरासारखं ताणलं जायचं, दबायचं, पुन्हा मूळ आकारात यायचं. पात्राचं अख्खं अंग अभिनय करतं. पाश्चात्त्य कार्टूनचं वैभव हेच आहे आणि त्याला तोड नाही. इथे चित्रं हालचालीवर खर्च झालेली आहेत.

मग टीव्ही आला. एमजीएमनं १९५७ मध्ये कार्टून विभाग बंद केला आणि हॅना-बार्बेरा यांना टीव्हीसाठी काम करावं लागलं. पैसे आधीच्या मानानं अगदीच किरकोळ, आणि भाग मात्र सतत द्यायचे. अंथरूण पाहून पाय पसरायची वेळ आली. त्यांनी काढलेली युक्ती अजून पडद्यावर दिसते. योगी बेअर नावाच्या त्यांच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? अस्वलाला टाय कशाला? कारण कॉलरच्या रेघेवर डोकं धडापासून वेगळं करता येतं. धड तसंच ठेवायचं, डोकं आणि तोंड तेवढं नव्यानं काढायचं. चित्रं कमी झाल्यामुळे पडलेली पोकळी त्यांनी बोलण्यानं भरली. खटकेबाज संवाद, विनोद, पाठोपाठ हशा. कानानं ऐकूनही अर्धीअधिक मजा कळावी, अशी ही कार्टूनं.

तिकडे जपानचीही सुरुवात डिस्नेच्या वाटेनंच झाली होती. तोएई कंपनीनं १९५६ मध्ये अ‍ॅनिमेशन स्टुडिओ उभारला आणि १९५८ मध्ये पहिला पूर्ण लांबीचा रंगीत जपानी अ‍ॅनिमेशनपट काढला. पूर्वेचं डिस्ने व्हायचं, ही त्यांची उघड इच्छा होती. ती वाट मोडली ती १ जानेवारी १९६३ ला. त्या दिवशी तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. जगानं तिला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखलं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, त्या वेळी वेडेपणा वाटावा असा बेत! शिवाय तेझुकांनी मालिका अतिशय स्वस्तात विकली. एका भागाला अठरा हजार चित्रं वगैरे स्वप्नातही शक्य नव्हती. दोन हजारांच्या आसपास चित्रांत भागवायचं होतं.

कसं भागवलं? एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं. बोलताना फक्त तोंड हलवलं, तेही मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं अशा मोजक्या आकारांत. नायक आतोमु उडतानाचं चित्रण एकदा केलं की जपून ठेवलं आणि पुढच्या भागांत मागचं आकाश बदलून पुन्हा वापरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चित्र हलवता येत नसेल तर कॅमेरा हलवला. एका मोठ्या स्थिर चित्रावरून कॅमेरा सावकाश फिरवायचा, चेहऱ्यावर झेप घ्यायची, एकदम डोळ्यांवर कट करायचं.

म्हणजे अडचण दोघांचीही एकच होती, आणि ती जवळपास एकाच सुमाराला आली. हॅना-बार्बेरांनी ती संवादांनी सोडवली, तेझुकांनी चौकटीनं. याचं कारण तेझुका मूळचे मांगाकार होते. कागदावर तर काहीच हलत नाही. तिथे वेग, भीती, एकटेपणा, शांतता हे सगळं चौकटीचा आकार, कोन, रेषा आणि रिकामी जागा यांच्यातूनच उभं करायचं असतं. ती विद्या त्यांच्या हातात तयार होती, तीच त्यांनी पडद्यावर आणली. अ‍ॅनिमेमध्ये हल्ला करणारा योद्धा हवेत थबकतो आणि मागे नुसत्या रेघा धावतात ना, ती मांगाची चौकट आहे. डोळे मोठे का, याचंही अर्धं उत्तर इथेच सापडतं. सगळं शरीर स्थिर असताना भावना दाखवायला डोळ्यांइतकी सोयीची जागा नाही. बुबुळातला प्रकाश थरथरला की पुरे.

हे सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. अ‍ॅनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी स्वतः तोएईच्या तालमीत वाढलेले. तेझुकांनी इतक्या कमी पैशांत मालिका देऊन सगळ्या धंद्याचा दर पाडला, असं त्यांनी तेझुकांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, स्पष्ट लिहिलं. मला त्यांचं म्हणणं खरं वाटतं. जपानमध्ये आजही नवख्या अ‍ॅनिमेटरला अनेकदा दर चित्रामागे मोजून पैसे मिळतात आणि तेवढ्यावर शहरात घरभाडं भागत नाही. आपण ज्या दृश्यांवर जीव टाकतो, ती काढणाऱ्यांचे हाल व्हावेत ही फार वाईट गोष्ट आहे.

पण काटकसर म्हणून सुरू झालेल्या गोष्टीची हळूहळू भाषा झाली, आणि मला खरं वेड त्या भाषेचं आहे.

ओसामु देझाकी हे मुशी प्रॉडक्शनमधूनच आलेले दिग्दर्शक. १९७० च्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या मालिकेपासून त्यांनी नवा पायंडा पाडला. ऐन मोक्याच्या क्षणी हालचाल थांबवायची आणि त्या जागी रंगांच्या जाड फटकाऱ्यांचं, हातानं रंगवलेलं एक चित्र आणायचं. ठोसा बसलेला चेहरा, घामाचे थेंब, आणि वेळ थांबलेली. आयुष्यातला एखादा क्षण आपल्याला आठवतो तो असाच, अचल. पैसे वाचवायला थांबलेलं चित्र आणि आठवणीत कोरलं जावं म्हणून थांबलेलं चित्र, यांतलं अंतर देझाकींनी पार केलं.

दुसरी वाट इसाओ ताकाहाता यांची. १९७४ मध्ये त्यांनी ‘हायडी’ केली, आल्प्स पर्वतात आजोबांकडे राहणाऱ्या मुलीची गोष्ट, ५२ भागांची. त्यासाठी ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन तिथली घरं, कुरणं, डोंगर बघून आली. प्रत्येक दृश्याची मांडणी, म्हणजे कुठे काय असेल, कॅमेरा कुठून बघेल, हे सगळ्या भागांसाठी एकट्या मियाझाकींनी रेखाटलं. या मालिकेत खलनायक नाही, मारामारी नाही. आजोबा चुलीच्या धगीवर चीज धरतात, ते वितळून ओघळायला लागतं, मग ते पावावर घेऊन हायडी खाते. बस, एवढंच. पण ते चीज कसं वितळतं, यावर जीव ओतलेला आहे. रोजच्या जगण्यातल्या साध्या गोष्टीवर चित्रं खर्च करायची, हा निर्णय त्या काळी क्रांतिकारक होता. हायडी करणाऱ्या चमूतूनच १९७५ मध्ये निप्पॉन अ‍ॅनिमेशन उभा राहिला, तोच आपल्या मोगलीचा स्टुडिओ. त्या मालिकेत जंगल नुसतं बघत राहायला इतका वेळ का मिळायचा, ते मला हायडी पाहिल्यावर उमगलं.

या वाटेचं माझं सगळ्यात लाडकं टोक म्हणजे मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) मधला बसथांबा. पाऊस पडतोय, अंधारत चाललंय. सात्सुकी बाबांच्या बसची वाट बघत उभी आहे, धाकटी मेई पाठीवर झोपून गेलीय. शेजारी तोतोरो नावाचा केसाळ, अजस्र प्राणी येऊन उभा राहतो. डोक्यावर नुसतं एक पान. सात्सुकी त्याला बाबांची छत्री देते. झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो, टप्प! त्याचे डोळे विस्फारतात. आणखी एक थेंब, टप्प. त्याला त्या आवाजाची इतकी गंमत वाटते की तो उंच उडी मारून दाणकन् खाली येतो, आणि झाडांवर साठलेलं सगळं पाणी एकदम छत्र्यांवर कोसळतं. कथा या मिनिटांत एक पाऊलही पुढे जात नाही. टाळी वाजवताना दोन टाळ्यांमध्ये जी मोकळी जागा असते, तिला जपानीत ‘मा’ म्हणतात, असं मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवूनच दाखवलं होतं. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. दोन स्वरांमधली शांतता हीसुद्धा गाण्याचाच भाग असते.

हीच शांतता घुसमटवणारीही होऊ शकते. १९९५-९६ च्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या मालिकेत एकमेकींशी न पटणाऱ्या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळपास मिनिटभर पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही, नुसता लिफ्टचा आवाज. आपण खुर्चीत चुळबुळायला लागतो, कारण तो अवघडलेपणा आता आपलाही झालेला असतो.

काम वाटून घेण्याची पद्धतही वेगळी आहे, आणि हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. मोठ्या अमेरिकी स्टुडिओत बहुधा पात्रं वाटली जातात. डिस्नेच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान मिल्ट काल या दिग्गज अ‍ॅनिमेटरचा. त्या वाघाच्या खांद्यांचं वजन, चालण्यातला तो आढ्यतेखोर संथपणा, हे त्या एका माणसाचं पात्राशी असलेलं नातं आहे, नट आणि भूमिका यांच्यासारखं. जपानमध्ये पात्रांऐवजी शॉट वाटतात. एका शॉटमध्ये जे काही असेल, म्हणजे दोन माणसं, धूर, पाणी, फुटणाऱ्या काचा, ते सगळं एकच मुख्य अ‍ॅनिमेटर आखतो. मग चेहरे सगळीकडे सारखे दिसावेत म्हणून अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक त्यावर हात फिरवतो, आणि मधली चित्रं दुसरेच लोक भरतात, पुष्कळदा कोरिया, चीन, व्हिएतनाममध्ये बसून. त्यामुळे साध्या चाललेल्या भागात अचानक वीसेक सेकंद असे येतात की रेषेचा वळसाच बदलतो आणि अंगावर काटा येतो. कुणा एकाला तो तुकडा मिळालेला असतो आणि त्यानं त्यात सगळी हौस फेडून घेतलेली असते. जाणते चाहते नाव न बघता सांगतात, हा हात अमक्याचा.

आवाजाचंही उलटसुलट आहे. अमेरिकेत आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि अ‍ॅनिमेटर तो ऐकत ऐकत ओठ काढतो. जपानमध्ये साधारणपणे चित्रं आधी, आवाज नंतर. ‘अकिरा’ (१९८८) या चित्रपटानं बहुतांश संवाद आधी मुद्रित करून घेतले, म्हणून तो आजही अपवाद म्हणून सांगितला जातो. याचा एक अनपेक्षित फायदा आपल्या घरातल्या मुलांना झाला असं मला वाटतं. ओठांचे आकार मोजकेच आणि ढोबळ, त्यामुळे दुसऱ्या भाषेतले शब्द त्यांवर सहज बसतात. डोरेमॉन आणि नोबिता हिंदीत बोलताना उपरे वाटत नाहीत, यात डबिंग करणाऱ्यांच्या कौशल्याबरोबर या पद्धतीचाही वाटा असावा.

आता कथेकडे. आपल्याकडे ‘कार्टून’ला मराठी शब्द कोणता? व्यंगचित्र. म्हणजे हसवणं त्या शब्दातच आलं. अमेरिकेतही टीव्हीवरचं कार्टून म्हणजे बराच काळ शनिवारी सकाळी मुलांसाठी, मध्ये खाऊच्या आणि खेळण्यांच्या जाहिराती, हेच समीकरण होतं. भाग पुन:पुन्हा, कोणत्याही क्रमानं दाखवता यावेत म्हणून शेवटी सगळं पूर्वपदावर यायचं. टॉम आज चपटा झाला तरी उद्या ठणठणीत. अ‍ॅनिमेच्या पाठीशी मात्र मांगाची साप्ताहिकं होती. ‘शोनेन जंप’ या एका साप्ताहिकाचा खप १९९५ च्या सुमाराला ६५ लाखांवर गेला होता. त्यात कथा क्रमशः येते आणि वाचक पोस्टकार्डावर आवडनिवड कळवतात. मुलं, मुली, तरुण पुरुष, संसारातल्या बायका अशा प्रत्येकासाठी वेगळी मासिकं. त्यातूनच मालिका निघतात. म्हणून नारुतो शाळकरी पोराचा मोठा माणूस होतो, आणि १९९९ पासून चाललेला ‘वन पीस’ हजार भाग ओलांडूनही पुढेच जात राहतो. आपल्या पोरांचा आवडता शिन-चॅन १९९० मध्ये ज्या साप्ताहिकात सुरू झाला, ते प्रौढ वाचकांचं होतं! तो इतका चावट का बोलतो, म्हणून वैतागणाऱ्या आईबाबांना हे माहीत असायला हवं. तो मुळात त्यांच्यासाठीच लिहिलेला होता.

पण म्हणून अ‍ॅनिमे म्हणजे गंभीर आणि कार्टून म्हणजे पोरकट, असं म्हणणारे चाहते मला पटत नाहीत. जपानमध्ये १९६९ पासून दर रविवारी ‘साझाए-सान’ लागते, साध्या घरातल्या साध्या गमती, आणि तिच्यातलं कुणी आजवर एक दिवसानंही मोठं झालेलं नाही. सर्वात जास्त काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद आहे. उलट अमेरिकेच्या ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५) मध्ये सलग कथा, युद्ध, अपराधगंड, सगळं आहे, आणि त्याची चित्रं कोरियातल्या स्टुडिओंनी काढली. ऐंशीच्या दशकातलं ‘थंडरकॅट्स’ अमेरिकेचं, पण अ‍ॅनिमेशन जपानी हातांचं. तेव्हा प्रश्न पासपोर्टचा उरत नाही. चित्रं कुठे खर्च केली आणि कुठे राखून ठेवली, एवढंच बघायचं.

२०१८ च्या अमेरिकी ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये एक जागा आहे. बर्फाळ रानात पीटर पार्कर आणि नवशिका माइल्स झाडांमधून झोके घेत पळतायत. सगळं संगणकावर केलेलं, सेकंदाला २४ चित्रं सहज शक्य. पीटरला त्यांनी ती चोवीस दिली. माइल्सला मात्र मुद्दाम १२ वर ठेवलं, एक चित्र दोन फ्रेम. एकाच चौकटीत एक जण लोण्यासारखा सरकतो आणि दुसरा अडखळतो, कारण त्याला अजून जमत नाहीये. पुढे माइल्सला जमायला लागतं, तेव्हा त्यालाही चोवीस चित्रं मिळतात.